तोडलेल्या पिल्लांची हगवण आणि न चालणारी औषधं

सातारा जिल्ह्यातल्या एका वराहपालकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "चाळीस माद्यांचा फार्म आहे, यॉर्कशायर आणि लँडरेसचा क्रॉस. पिल्लं २८ दिवसांना आईच्या दुधापासून तोडतो. तोडल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी पिवळसर, पाण्यासारखी हगवण लागते, दोन दिवसांत डोळे खोल जातात, काही पिल्लं दगावतात. आधी एन्रोफ्लॉक्सासिनने लगेच थांबायची. मग ते चालेना म्हणून सेफ्टिओफर आणलं, वर्षभर चाललं. आता तेही लागू पडत नाही. खाद्यात निओमायसिन आणि टेट्रासायक्लिन आहेच. आजार आत शिरू नये म्हणून तिसऱ्या दिवशी लोहाच्या इंजेक्शनबरोबर सगळ्या पिल्लांना सेफ्टिओफर टोचतो. दुकानदार म्हणतो कोलिस्टिन वापरा, त्याला तोड नाही. डॉक्टर, यापेक्षा चांगलं कोणतं अँटिबायोटिक आहे?"

दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे, पण शेवटच्या ओळीत नाही. ते तिसऱ्या दिवसाच्या इंजेक्शनमध्ये आहे. त्याकडे येतो. आधी आज जी पिल्लं हगतायत त्यांचं बघू, कारण हे वाचताना तुमचं अर्धं लक्ष त्या खोपीकडेच असणार.

ही पिल्लं जंतूंमुळे थेट मरत नाहीत, पाणी संपून मरतात. जंतू आतड्याला चिकटून विष सोडतो, त्या विषाने आतड्याच्या पेशी अंगातलं पाणी आणि क्षार आत ओततात. सात किलोचं पिल्लू, त्याच्या अंगात पाणी असून असून किती असणार? म्हणून पहिलं औषध म्हणजे ओआरएस, तेच माणसांचं, मेडिकलमध्ये मिळतं ते एक लिटरचं पाकीट. उथळ पातेल्यात कोमट करून ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा बदला, संध्याकाळचं उरलेलं सकाळी पाजू नका. बाजूला साधं पाणी कायम असू द्या. मिठाचं पाणी आहे आणि साधं पाणी नाही, अशी वेळ आली तर डुकराच्या मेंदूला सूज येते, ते वेगळंच संकट. जे पिल्लू उठत नाही त्याला सिरिंजने तोंडाच्या कडेने थोडं थोडं पाजा, घाई केलीत तर पाणी फुप्फुसात जाईल. ओआरएसला कोणताच जंतू रेझिस्टंट, म्हणजे दाद न देणारा, होत नाही. मी पशुवैद्यक म्हणून जी पिल्लं वाचलेली पाहिली, त्यातली निम्म्याहून जास्त पाण्याने वाचली असं मला मनापासून वाटतं.

कोलिस्टिन मात्र आणू नका. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत, कोंबड्यांत, मत्स्यपालनात आणि पशुखाद्यात कोलिस्टिनला बंदी घातली आहे. कोणी तरीही विकत असेल तर तो तुम्हाला बेकायदा वस्तू विकतोय. आणि बंदी का घातली, हे कळलं की तुम्हीच हात लावणार नाही.

कोलिस्टिन हे जुनं औषध. किडनीला त्रास देतं म्हणून माणसांच्या दवाखान्यातून ते जवळजवळ बाजूला पडलं होतं. पण दवाखान्यातले जंतू बाकी सगळ्या औषधांना दाद देईनासे झाले, तेव्हा आयसीयूतल्या डॉक्टरांना ते पुन्हा काढावं लागलं. आपल्या देशात अनेक रुग्णांच्या बाबतीत शेवटी हातात उरतं ते हेच. त्याच काळात चीनमध्ये डुकरांच्या खाद्यात ते वाढीसाठी टनावारी जात होतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये तिथल्या संशोधकांनी जाहीर केलं की शांघायच्या एका फार्मवरच्या डुकरात असा ई. कोलाय (आतड्यात राहणारा एक जंतू) सापडलाय, ज्याच्याकडे कोलिस्टिन निकामी करणारं जनुक आहे, आणि ते एका जंतूतून दुसऱ्यात उडी मारतं. त्याचं नाव एमसीआर-१. त्यांनी तपासलेल्या जनावरांमधल्या ई. कोलायच्या ८०४ नमुन्यांपैकी १६६ मध्ये ते होतं. दवाखान्यात दाखल रुग्णांच्या १,३२२ नमुन्यांपैकी १६ मध्येही होतं. म्हणजे डुकराच्या आतड्यातून माणसाच्या पलंगापर्यंतचा रस्ता उघडा होता. चीनने ३० एप्रिल २०१७ पासून वाढीसाठीचा वापर थांबवला, आणि दोन वर्षांतच डुकरांतल्या कोलिस्टिन-रेझिस्टंट ई. कोलायचं प्रमाण सुमारे ३४ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. वापर थांबवला की फरक पडतो, हे यातलं मला सगळ्यात धीर देणारं.

आता तुमच्या फार्मवर काय झालं असावं ते सांगतो.

लॅबमध्ये काचेच्या ताटलीत जंतूंची हिरवळ उगवतात आणि तिच्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या बारीक चकत्या ठेवतात. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल मोकळा राहतो, हिरवळीत कोणी पाण्याचा थेंब टाकून जागा धुतल्यासारखा. एका फार्मची अशी ताटली मी एकदा उजेडाला धरून पाहिली होती. टेट्रासायक्लिनच्या चकतीला जंतू अगदी कडेपर्यंत भिडले होते, जणू तिथे कोरा कागदच ठेवलाय. स्ट्रेप्टोमायसिन तसंच, सल्फा-ट्रायमेथोप्रिम तसंच. एन्रोफ्लॉक्सासिनभोवती एक धूसर कडं. आणि सेफ्टिओफरच्या चकतीभोवतीही मोकळा गोल अजिबात नाही. त्या फार्मवरही तिसऱ्या दिवशी लोहाबरोबर सेफ्टिओफर टोचण्याची पद्धत होती.

याचं कारण असं. पिल्लाचं आतडं जन्मतः रिकामं असतं. मादीच्या शेणातून, आचळातून, जमिनीवरून पहिल्या काही तासांत त्यात जंतू वस्ती करतात. त्यात चांगले असतात, निरुपद्रवी असतात, आणि काही थोडे रेझिस्टंट असतात. तिसऱ्या दिवशी तुम्ही सेफ्टिओफर टोचलंत की साधे जंतू मरतात आणि त्या थोड्यांना मोकळं रान मिळतं. पिल्लू निरोगी दिसतं, तुम्हाला वाटतं इंजेक्शनचा उपयोग झाला. खरं म्हणजे त्या दिवशी तुम्ही शेत नांगरून, तण तेवढं ठेवून, पीक उपटलंत. पंचवीस दिवसांनी पिल्लू तोडलं जातं, आईचं दूध बंद होतं, आतडं कमजोर होतं, आणि तेव्हा पुढे येणारा जंतू सेफ्टिओफर पचवून बसलेला असतो. हगवण तोडल्यावर दिसते, पण औषध न चालण्याची तयारी तिसऱ्या दिवशी झालेली असते.

वर, ही जनुकं एकेकटी राहत नाहीत. प्लाझ्मिड नावाचं डीएनएचं छोटं वर्तुळ असतं, त्यावर टेट्रासायक्लिनचं, स्ट्रेप्टोमायसिनचं, सल्फाचं, कधी सेफ्टिओफरचं अशी जनुकं एका माळेत ओवलेली असतात. एक जंतू दुसऱ्याला चिकटून अख्खी माळ देऊन टाकतो, त्यासाठी दोघं एकाच जातीचे असायलाच हवेत असंही नाही. म्हणून खाद्यात टेट्रासायक्लिन चालू असेल तर ते फक्त टेट्रासायक्लिनचा रेझिस्टन्स जपत नाही, माळेतलं बाकी सगळंही जपतं. डेन्मार्कने १९९५ मध्ये ॲव्होपार्सिन हे खाद्यात वाढीसाठी घातलं जाणारं अँटिबायोटिक बंद केलं, तरी डुकरांमधले त्याला दाद न देणारे एंटेरोकोकाय हे आतड्यातले जंतू काही वर्षं हटेनात. कारण टायलोसिन हे दुसरं अँटिबायोटिक चालू होतं आणि दोन्ही जनुकं एकाच प्लाझ्मिडवर बसलेली होती. टायलोसिन थांबलं तेव्हा कुठे आकडा खाली आला. "मी ते औषध बंद केलंय, तरी चालत नाही" असं कोणी म्हटलं की मी आधी विचारतो, खाद्याच्या गोणीवर आणखी काय लिहिलंय?

एन्रोफ्लॉक्सासिनचं गणित थोडं वेगळं. तिथे बहुतेक वेळा जंतूच्या स्वतःच्याच जनुकांत एकेक बदल होत जातो. पहिल्या बदलाने औषध थोडं कमी चालतं, दुसऱ्याने आणखी कमी. मात्रा कमी पडली की ही शिडी चढायला जंतूला सोपं जातं. आणि मात्रा कमी पडते कशी? सात किलोचं पिल्लू डोळ्याने पाच किलोचं वाटतं. ताणकाटा दोन-चारशे रुपयांना मिळतो, गोणपाटाची झोळी करून पिल्लू लटकवा.

सेफ्टिओफरबद्दल आणखी एक. ते सेफॅलोस्पोरिनच्या तिसऱ्या पिढीतलं औषध आहे, म्हणजे दवाखान्यात माणसांना देतात त्या सेफ्ट्रिॲक्झोनचं सख्खं भावंड. डेन्मार्कच्या वराहपालकांनी २०१० च्या जुलैपासून ही औषधं स्वतःहून बंद केली, सरकारने भाग पाडण्याआधी. पुढच्याच वर्षी कत्तलखान्यातल्या डुकरांमध्ये असे रेझिस्टंट ई. कोलाय स्पष्टपणे घटले होते. म्हणून माझा पहिला सल्ला अगदी ठाम आहे: तिसऱ्या दिवसाचं सरसकट सेफ्टिओफर पुढच्या वेतापासून बंद. लोह द्या, ते हवंच. सेफ्टिओफर नको.

खाद्यातल्या औषधाचं तर मला कोडंच वाटतं. आजारी पिल्लू खात नाही. ते कोपऱ्यात पडून राहतं, फार तर पाण्याला जातं. निरोगी पिल्लू गव्हाण चाटून साफ करतं. म्हणजे औषधाचा पूर्ण डोस जातो निरोग्याच्या पोटात आणि ज्याला गरज आहे त्याच्या पोटात जेमतेम दोन घास. द्यायचंच झालं तर पाण्यातून किंवा इंजेक्शनने, निदान झाल्यावर, ठरलेले दिवस. बारमाही नाही.

पण निदान झालंय का? तुम्ही वर्णन केलेलं वय आणि रंग यावरून मलाही ई. कोलायचाच संशय आहे. तोडल्यानंतरच्या हगवणीत एफ-४ आणि एफ-१८ या दोन प्रकारच्या तंतूंनी आतड्याला चिकटणारे ई. कोलाय नेहमीचे. तरी सगळी हगवण ई. कोलायची नसते. जन्मानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्ताळ हगवण आणि झटपट मरतूक असेल तर क्लोस्ट्रिडियम हा दुसरा जंतू असू शकतो. सात ते चौदा दिवसांच्या, दूध पिणाऱ्या पिल्लांना दह्यासारखी पिवळी हगवण लागली आणि कशानेच हटत नसेल तर बऱ्याचदा कॉक्सिडिया हे सूक्ष्म परजीवी निघतात, त्यांच्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. रोटाव्हायरसवरही नाही. पापण्या सुजल्यात, पिल्लू दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खातंय, ओरडताना आवाज बसलाय, तर ती सूज-व्याधी. तीही ई. कोलायचीच, पण विष रक्तात गेल्यावर औषध उशिराच पोहोचतं. मोठी जनावरंही तापाने पडत असतील, अंगावर लाल-निळे चट्टे असतील, तर हा मजकूर बाजूला ठेवा आणि लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. स्वाइन फिव्हर आणि आफ्रिकन स्वाइन फिव्हर, दोन्ही आपल्या देशात आहेत.

आणि एक वेगळा जंतू, कारण तोही याच वयात गाठतो: स्ट्रेप्टोकोकस सुइस. पिल्लू आडवं पडून पाय मारतं, डोळे फिरवतं, सांधे सुजतात. या जंतूने टेट्रासायक्लिन आणि टायलोसिनच्या वर्गाला बऱ्याच ठिकाणी केव्हाच निकामी केलंय, पण साधं जुनं पेनिसिलिन अजूनही बहुतेक वेळा चालतं, वेळेत दिलं तर. महाग आणि नवं म्हणजे भारी, ही समजूत इथे साफ खोटी ठरते. हा जंतू माणसालाही मेंदूज्वर देतो आणि वाचलेल्याला कायमचं बहिरेपण येऊ शकतं. २००५ मध्ये चीनच्या सिचुआनमध्ये दोनशेहून जास्त लोकांना लागण झाली होती, जवळपास चाळीस दगावले. मेलेलं पिल्लू उघड्या हाताने फाडू नका, हाताला कापलेलं असेल तर मुळीच नको.

तर नमुना. नमुना चुकीचा घेतला की रिपोर्ट सुंदर छापलेला येतो आणि काही कामाचा नसतो. ज्याला आजच हगवण लागलीय आणि ज्याला अजून एकही औषध दिलेलं नाही अशी तीन ते पाच पिल्लं निवडा. गुदद्वारातून स्वॅब, जमिनीवरची हगवण खरवडून नाही. स्वॅब कोरडा नेऊ नका, लॅबकडून ट्रान्सपोर्ट मीडियाची (नमुन्यातले जंतू वाटेत टिकवणाऱ्या द्रव्याची) नळी आधीच आणून ठेवा. बर्फाच्या डब्यात, पण गोठवू नका, आणि २४ तासांत पोहोचवा. एखादं नुकतंच मेलेलं पिल्लू असेल तर तुमच्या पशुवैद्यकाला लहान आतड्याचा तुकडा दोन्ही टोकं दोऱ्याने बांधून घ्यायला सांगा. तुम्हाला औंध, पुण्याची रोग निदान प्रयोगशाळा आहे, शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तर जिल्ह्यातच आहे. आधी फोन करून नमुना कधी घेतात ते विचारा.

लॅबला नुसतं "कल्चर करा" म्हणू नका. ई. कोलाय प्रत्येक डुकराच्या आतड्यात असतोच, तुमच्या-माझ्याही. "ई. कोलाय सापडला" एवढ्याने काहीच कळत नाही. विचारा: रक्त घातलेल्या माध्यमावर तो रक्तपेशी फोडतो का? तोडल्यानंतरची हगवण लावणारे बहुतेक ई. कोलाय फोडतात. सोय असेल तर एफ-४, एफ-१८ साठी पीसीआर, म्हणजे त्यांची जनुकं शोधणारी चाचणी. मग त्याच जंतूची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे त्याच्यावर कोणतं औषध चालतं ते.

रिपोर्टवर एस, आय, आर अशी अक्षरं येतील. आर म्हणजे चालणार नाही, हे सरळ आहे. आय म्हणजे मधलं. एस म्हणजे हमखास चालेल, हे मात्र तितकं सरळ नाही. जेंटामायसिन स्नायूत टोचलं तर ते रक्तात जातं, आतड्याच्या पोकळीत फारसं उतरत नाही, आणि आपला जंतू तर आतड्यातच बसलाय. उलट निओमायसिन तोंडाने दिलं तर आतड्यात राहतं, रक्तात जात नाही, म्हणजे जंतू रक्तात शिरला असेल तर त्याचा उपयोग नाही. ताटलीवरचा गोल बघून औषध निवडायचं, पण ते कुठून द्यायचं हे तुमच्या पशुवैद्यकाने पिल्लू बघून ठरवायचं. फोनवर नाव विचारून दुकानातून आणायचं नाही, माझ्याकडूनही नाही.

आता ज्या गोष्टीने हगवण मुळात कमी होते ती. तुम्ही २८ दिवसांना तोडता, चालेल, पण मग पहिले दहा दिवस तुम्हाला खोपीत जास्त वेळ घालवावा लागेल. आईच्या दुधातली प्रतिपिंडं त्या दिवशी बंद होतात, स्वतःची अजून तयार नसतात. पोटातलं आम्ल कमी. पिल्लू एक-दीड दिवस काही खात नाही, आतड्याच्या आतले केसासारखे उंचवटे झिजतात, आणि मग ते एकदम हावरटासारखं खातं. न पचलेलं सोयाबीन खाली उतरतं आणि ई. कोलायची मेजवानी होते.

तेव्हा दहाव्या दिवसापासून क्रीप फीडची (दूध पिणाऱ्या पिल्लांच्या वरखाद्याची) चव लावा, मूठभर, रोज ताजं. तोडल्यावर पहिले चार-पाच दिवस खाद्य कोमट पाण्यात पातळ करून दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. प्रथिनं १८ टक्क्यांच्या वर नेऊ नका, कमी पडणारं लायसिन (प्रथिनांतला एक आवश्यक घटक) वेगळं घाला. वजन चार-सहा दिवस थोडं मागे राहील, राहू द्या.

पाणी तपासा. एक लिटरची रिकामी बाटली घ्या, पिल्लांच्या पाण्याचं निपल दाबून धरा, मोबाइलवर वेळ लावा. दोन मिनिटांत भरली पाहिजे. मी हे करायला सांगतो तेव्हा माणसं म्हणतात, पाणी येतं की! येतं, पण थेंब थेंब. शेवटच्या कप्प्यातल्या निपलला नक्की लावून बघा, टाकीपासून लांब तेच असतं आणि हगवणही बहुतेक तिथूनच सुरू होते.

ऊब. या वयात त्यांना २८ ते ३० अंश लागतात. तुमच्याकडे डिसेंबरात पहाटे पारा १२-१३ ला उतरतो. रात्री दोन वाजता टॉर्च न मारता, हळूच जाऊन बघा. एकमेकांवर ढीग करून झोपली असतील तर गारठलीत. शेजारी शेजारी, कुशीवर, अंगाला अंग लावून पडली असतील तर ठीक. कोपऱ्यात झाकलेलं खोकं, वर दिवा, खाली कोरडा भुसा, आणि वाऱ्याच्या बाजूला गोणपाट.

एका खोपीतली सगळी पिल्लं एकदम काढा, खोप धुवा, पूर्ण वाळू द्या, चुना मारा, मगच पुढची भरा. ओल्या जमिनीवर मारलेलं जंतुनाशक निम्मं वाया जातं. आणि गाभण मादीला विण्याआधी धुऊन कोरड्या जागी आणा, पिल्लाला पहिल्या सहा तासांत पोटभर चीक मिळतोय का ते बघा.

झिंक ऑक्साइडबद्दल, म्हणजे खाद्यात घालायच्या जस्ताच्या भुकटीबद्दल, कोणीतरी सांगेलच. जास्त मात्रेत ते हगवण थांबवतं, हे खरं आहे. पण ते शेणातून जमिनीत साठतं आणि जस्त सोसणारी जनुकंही त्याच माळेत अँटिबायोटिकच्या जनुकांशेजारी बसतात. युरोपीय संघाने जून २०२२ पासून औषधी मात्रेतलं झिंक ऑक्साइड बंद केलं. मी सुचवणार नाही.

तुमची भीती मला कळते. खाद्यातलं औषध आणि तिसऱ्या दिवसाचं इंजेक्शन काढलं आणि पिल्लं धडाधड मेली तर? डेन्मार्कमध्ये १९९९ अखेर लहान पिल्लांच्या खाद्यातली वाढीची औषधं थांबली, तेव्हा तोडल्यानंतरची हगवण खरोखर वाढली होती आणि उपचाराची औषधंही काही काळ जास्त लागली. पण एकूण वापर आधीपेक्षा कितीतरी खालीच राहिला, आणि दर मादीमागे पिल्लांची संख्या वाढतच गेली. कारण त्यांनी खोपी, खाद्य आणि तोडण्याचं वय बदललं. तुम्हीही सगळं एका दिवसात काढू नका. पुढच्या महिन्यात विणाऱ्या माद्यांपैकी चार निवडा. त्यांच्या पिल्लांना फक्त लोह. वेगळी खोप, वरची सगळी व्यवस्था. वहीत तारीख, पिल्लांची संख्या, हगवण कधी लागली, किती वाचली, २८ व्या आणि ४२ व्या दिवसाचं वजन. शेजारी नेहमीच्या पद्धतीच्या चार माद्या, त्यांचंही तेच लिहा.

ट्रान्सपोर्ट मीडियाच्या नळ्या मात्र याच आठवड्यात आणून फ्रिजमध्ये ठेवा, खालच्या कप्प्यात. हगवण रात्री लागते, आणि सकाळी दुकान उघडायच्या आत स्वॅब घेतलेला हवा.